न लिहिलेली एक ओळ

आपल्या हातून सुटल्यावरही जे चालत राहते, ते काम पुरे झाले असे म्हणावे. उलट, आपल्यावाचून अडावे म्हणून ज्यात आपण एक खुंटी गुपचूप सैल ठेवतो, ते काम बाहेरून कितीही नेटके दिसले तरी त्यात थोडी लबाडी उरतेच. ही लबाडी करणारा मनुष्य दुष्ट असतो असे मुळीच नाही. बहुधा तो एकटा असतो, आणि कोणाला तरी आपली गरज आहे एवढ्या जाणिवेवर दिवस काढीत असतो. त्याच्याविषयी करुणा वाटावी हे योग्यच. परंतु त्याच्या एकटेपणाची झळ दुसऱ्या कोणाला लागली, तर दोष कोणी पत्करायचा, हा प्रश्न करुणेने सुटत नाही.

घड्याळकाकांपुढे हा प्रश्न एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, फोनवरून आला.

घड्याळकाका हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची रोज विचारपूस करणाऱ्या एका लहानशा संस्थेत त्यांनी अकरा वर्षे संगणकाचे काम पाहिले. त्या अकरा वर्षांत सकाळी साडेसहाला ते दाराशी आले नाहीत असे घडले नाही, म्हणून हे नाव पडले. संस्थेचे काम सरळ होते. यादीत एकशे बारा माणसे. बरोबर सातला प्रत्येकाच्या फोनवर एक संदेश जाई, ‘बरे आहात ना?’ त्याला उत्तर म्हणून फोनवर एक हा आकडा दाबून पाठवायचा. नऊपर्यंत ज्याचा एक आला नाही, त्याच्या दारी संस्थेचा स्वयंसेवक जाऊन उभा राही. हे संदेश पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, काकांनीच लिहिली होती. वयाची मर्यादा झाली तेव्हा संस्थेने त्यांना समारंभपूर्वक निरोप दिला. ‘अकरा वर्षांत एकही सकाळ चुकली नाही’ असे चिटणीसांनी भाषणात सांगितले, आणि काकांनी आपल्या जागी आलेल्या मुलीच्या हाती चाळीस पानांचे टिपण सोपवले. त्याला तीन महिने झाले होते.

हे तीन महिने काकांनी कसे काढले ते त्यांच्या दोन खोल्यांनाच ठाऊक. पाचला जाग येई. सहाला ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार असत, आणि मग जाण्यासारखे कुठे नसल्यामुळे खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. समोरची दुसरी खुर्ची पत्नीची. ती जाऊन चार वर्षे झाली होती. लेक फार दूर राहत असे. दर रविवारी तिचा फोन येई. नुकत्याच एका रविवारी ती म्हणाली होती, “बाबा, तुमचंही नाव त्या यादीत घाला ना. मला घोर राहणार नाही.”

“ती यादी एकट्या माणसांची आहे,” काका म्हणाले.

पलीकडे लेकीने विषय सोडला. मग तिने जेवणाचे विचारले.

तर त्या सोमवारी फोन वाजला आणि काकांनी पहिल्याच घंटीला तो उचलला. संस्थेत टेलिफोन सांभाळणाऱ्या मावशी बोलत होत्या.

“काका, झोपमोड तर नाही ना केली?”

“अकरा वाजता? मी काय चिटणीस आहे?”

“हळू बोला, ते इथंच उभे आहेत,” मावशी म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात हसू नव्हते. “जरा येता का? मेसेज जात नाहीयेत. कालपासून.”

खरे सांगायचे तर त्या क्षणी काकांच्या अंगावर मूठभर मांस चढले. तीन महिन्यांत ‘जरा येता का’ हे शब्द त्यांच्या कानी प्रथमच पडत होते. त्यांनी उठून चपला पायात सरकवल्याही.

“आणि काका,” मावशींचा आवाज खाली गेला, “यादीतले ते शिंपीकाका आहेत ना, ते काल सकाळी सहाला न्हाणीघरात पडले. रात्री आठला शेजारीण काहीतरी द्यायला गेली तेव्हा कळलं.”

“आहेत ना?” काका म्हणाले.

“आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. चौदा तास ओल्या फरशीवर, काका. मेसेज गेला असता तर नऊ वाजता आपलं माणूस दारात असतं.”

वाटेत काकांना काही दिसले नाही. यंत्रात नेमके काय झाले असेल ते त्यांना ठाऊक होते; निदान भीती तीच होती. आजवर त्या भीतीकडे त्यांनी कधी नीट वळून पाहिले नव्हते, एवढेच.

संस्था एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. दिवाणखान्यात तीन टेबले जोडून मावशी आणि दोन स्वयंसेविका यादी हातात घेऊन एकेकाला फोन करीत होत्या. “आजोबा, संस्थेतून बोलतेय, बरे आहात ना? ... नाही, वर्गणी नकोय. ... नाही हो, लग्नाचंही काही नाही. फक्त बरे आहात ना तेवढंच.” काकांना पाहून चिटणीस पुढे आले. त्यांनी पुढे केलेल्या हाताला नेहमीप्रमाणे खडूसारखा थंडपणा होता.

“बरं झालं आलात. तुम्ही असताना असं कधी झालं नाही. शनिवारी त्या मुलीनं काहीतरी अपडेट केलं आणि रविवारी हे. साडेपाचला कार्यकारिणी बसतेय. पाचपर्यंत तिनं लेखी खुलासा द्यायचाय. तिचे उमेदवारीचे सहा महिने व्हायला अजून एक महिना आहे. पुढचं तुम्हाला सांगायला नको.”

काका आतल्या खोलीकडे वळले.

ही खोली पूर्वी कागद ठेवायची. खिडकी नव्हती. एक टेबल, एक पंखा, कोपऱ्यात गुणगुणणारे यंत्र. टेबलाशी बसलेल्या मुलीला संस्थेत सगळे ‘नवी’ म्हणत, पाच महिने झाले तरी. ती परगावची होती, खोली घेऊन एकटीच राहत होती. तिचे डोळे सुजले होते. तिने काकांसाठी दुसरी खुर्ची ओढली.

“आधी पाणी पी,” काका म्हणाले.

“प्यायलेय. दोनदा उलटीही झालीय.” तिने समोरचा कागद सरळ केला. “सांगते. शनिवारी दुपारी सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं. संस्थेचं पान उघडून पाहिलं, यादी दिसली. सगळं ठीक वाटलं, म्हणून घरी गेले. रविवारी सातला स्क्रिप्ट वेळेवर चालली. फक्त किल्ली रिकामी.”

ही किल्ली म्हणजे काय ते येथे सांगणे अवश्य आहे. संदेश प्रत्यक्ष पोचवण्याचे काम एक बाहेरची कंपनी करी, आणि आपली ओळख पटवण्यासाठी तिने संस्थेला अक्षरांची एक लांबलचक गुप्त माळ दिली होती. अशी गुप्त गोष्ट स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये, हा या व्यवसायातला सदाचार आहे. कारण स्क्रिप्ट दहा जणांच्या नजरेखालून जाते. म्हणून ती यंत्राच्या परिसरात ठेवतात आणि स्क्रिप्ट गरज पडेल तेव्हा परिसराला विचारते, ‘किल्ली काय?’ परिसरात ठेवलेल्या अशा नोंदीला या लोकांत एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. रविवारी स्क्रिप्टने विचारले आणि परिसर गप्प राहिला. कंपनीने रिकामी किल्ली नाकारली, नकाराची एक ओळ यंत्राच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पडली, आणि रविवार असल्याने ती कोणी वाचली नाही. संदेश गेलेच नाहीत, त्यामुळे उत्तरांची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टला वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ज्याला विचारलेच नाही, त्याने उत्तर दिले नाही म्हणून कोण धावणार?

“गंमत बघा,” नवी म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द अगदी कोरडा होता. “किल्ली मी माझ्या लॉगिनच्या फाइलमध्ये लिहिली. टर्मिनलवर स्वतः टाइप करून स्क्रिप्ट चालवली, चालली. वेबमधून, सर्व्हरकडून चालवली, रिकामी. एकच मशीन, एकच स्क्रिप्ट. मग सगळ्या वापरणाऱ्यांसाठी जी सामाईक फाइल असते तिच्यात लिहिली. तरी रिकामी. शेवटी सर्व्हरला आपल्या आसपास काय काय दिसतं ते छापणारं एक छोटं पान केलं. हे बघा.”

पडद्यावर दोन ओळी होत्या. एका वापरणाऱ्याचे नाव, आणि यंत्रातल्या त्याच्या घराचा, म्हणजे फोल्डरचा, पत्ता. बाकी कोरे.

काकांना सगळे लख्ख दिसले. यंत्रातला कोणताही प्रोग्राम आपला परिसर त्याला उठवणाऱ्याकडून घेतो, पोर आईच्या कडेवरून जग पाहते तसा. संस्थेचे पहिले यंत्र जुने होते, मध्येच गोठत असे. म्हणून रोज साडेसहाला येऊन ते बंद करायचे आणि आपल्या लॉगिनमधून, आपल्या हाताने, सर्व्हर, म्हणजे संस्थेची पाने आणि स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, उठवायचा, असा काकांचा प्रघात पडला. किल्ली त्यांनी तात्पुरती म्हणून आपल्याच लॉगिनच्या फाइलमध्ये ठेवली. सर्व्हर त्यांच्या हाताने उठे, म्हणून त्याला ती दिसे. पुढे यंत्र बदलले. प्रघात राहिला, किल्लीही तिथेच राहिली. सेवानिवृत्तीच्या सकाळीही त्यांनी सर्व्हर उठवला, आणि तो पुढचे तीन महिने अखंड चालला. काका घरी खिडकीशी बसले होते आणि त्यांचा परिसर येथे श्वास घेत होता. शनिवारी यंत्र रीस्टार्ट झाले. त्या अपडेटने सर्व्हरला स्वतः उठण्याची सवय लावली होती. तो स्वतः उठला आणि पोरका उठला.

हे सगळे सांगून टाकावे असे काकांच्या मनात आले. त्याऐवजी त्यांच्या तोंडून निघाले ते असे:

“तुझी फाइल, माझी फाइल, सामाईक फाइल, त्या सगळ्या माणूस लॉगिन करतो तेव्हा वाचल्या जातात. सर्व्हर मशीनबरोबर उठतो तेव्हा कोणी लॉगिन केलेलं असतं?”

“कोणीच नाही.”

“मग त्याला कोण सांगणार? त्याला जो उठवतो त्याच्या कानात सांग. सर्व्हरला उठवणारी जी सर्व्हिस, तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिही.”

नवीने कपाळावर हात मारून घेतला. “काल रात्रीपासून डोकं फोडतेय मी.” तिच्या नजरेत जी कृतज्ञता होती ती काकांनी खाली मान घालून स्वीकारली. आता हे चालेल, सगळे म्हणतील घड्याळकाकांनी दहा मिनिटांत निस्तरले, आणि खुलासा तिचा ती देईल. हा विचार त्यांनी केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो विचार आला आणि त्यांनी त्याला बाहेर काढले नाही.

नवीने ओळ लिहिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, पान उघडले.

दोन ओळी. बाकी कोरे.

“हे कसं?” काका म्हणाले. ते पडद्याकडे वाकले. त्यांनी फाइल वाचली, पुन्हा वाचली. अक्षर चुकले नव्हते. त्यांच्या काळच्या ज्ञानाप्रमाणे आता किल्ली दिसायलाच हवी होती.

“काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?” नवी हळूच म्हणाली. “कोणी शेजारी असलं की मला सुचत नाही.”

अकरा वर्षे ज्या खोलीत ते बसले तिथून काका बाहेर आले. दिवाणखान्यात मावशींनी एक हात फोनवर ठेवून दुसऱ्या हाताने यादीचे एक पान त्यांच्याकडे सरकवले.

“नुसते उभे राहू नका. या सात जणांना विचारा. आणि तुमच्या त्या पोलिसी आवाजात नको.”

पहिल्या क्रमांकावर एका निवृत्त शिक्षिकेचा आवाज आला. काकांनी संस्थेचे नाव सांगितले आणि विचारले, “बरे आहात ना?”

“आहे की. तुम्ही माणूस आहात का?”

“हो, माणूसच.”

“रोज यंत्र विचारतं, म्हणून म्हटलं.” बाई थांबल्या. “काल कोणी विचारलं नाही. मला वाटलं, नाव काढलं असेल यादीतून. वय झालं की काढतही असतील, कोण जाणे. तरी मी सातला एक पाठवला. न विचारता. आजही पाठवला. मिळाला का?”

न विचारता आलेला एक मोजण्याची सोय त्यांनी स्क्रिप्टमध्ये केलीच नव्हती.

“मिळाला,” ते म्हणाले.

“बरं. मग ठेवते. तुमच्याही मागे कामं असतील.”

उरलेल्या सहा जणांना काकांनी फोन केले, पण कोण काय बोलले ते त्यांना नंतर आठवले नाही. सहाव्याचा फोन संपतो न संपतो तोच आतून नवीने हाक मारली.

“सापडलं. मध्ये एक जण बसलाय.” ती भराभर बोलत होती. “पूर्वी स्क्रिप्ट सर्व्हरच्या पोटातच चालायची. नव्या व्यवस्थेत सर्व्हर ती एका वेगळ्या मध्यस्थाकडे देतो, आणि तो सुरक्षेसाठी आधीचा सगळा परिसर पुसून टाकतो. पाटी कोरी करूनच स्क्रिप्टच्या हाती देतो. ज्या गोष्टी पुढे जाऊ द्यायच्या त्यांची नावं त्याला वेगळी सांगावी लागतात. एक कुलूप नव्हतं काका, दोन होती. दुसरं माझ्या अपडेटनं आलं.”

“हे मला ठाऊक नव्हतं,” काका म्हणाले, आणि ते अगदी खरे होते.

तिने मध्यस्थाच्या फाइलमध्ये किल्लीचे नाव लिहिले, दोघांनाही पुन्हा सुरू केले, पान उघडले. तिसरी ओळ उमटली. तिने ते पान तत्काळ मिटले आणि पुसूनही टाकले. किल्ली उघड्यावर राहू नये. मग चाचणीचा एक संदेश मावशींच्या फोनवर पाठवला. बाहेरून मावशींचा आवाज आला, “बरी आहे गं बाई. दमलेय, पण बरी आहे.”

नवी हसली. मग तिने खुलाशाचा कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उघडून तशीच बसली.

“दुसरं कुलूप कळलं, माझं आहे, लिहिते. पण पहिलं? काका, एक कळत नाही. सर्व्हिसच्या फाइलमध्ये किल्ली कधीच नव्हती. मग इतकी वर्षं चालत कसं होतं? तुमची चाळीस पानं मी काल रात्री दोनदा वाचली. त्यात काही नाही.”

“त्यात नाही, कारण मी लिहिलं नाही,” काका म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितले. प्रघात कसा पडला ते सांगितले, यंत्र बदलल्यावर तो मोडायला अर्धा तास पुरला असता हे सांगितले. “तो अर्धा तास मी काढणार होतो, त्याच आठवड्यात बायको गेली. नंतर सकाळ झाली की घरात बसवेना. साडेसहाला इथं यायचं, मी आल्याशिवाय सर्व्हर उठायचा नाही, एवढ्यावर मी उठत होतो. म्हणून राहू दिलं. आणि टिपण लिहिताना,” ते थांबले, “टिपण लिहिताना विसरलो नाही मी. ओळ आठवत होती. वाटलं, कधीतरी अडेल, मग फोन करतील. ‘काका, जरा येता का.’”

नवीने पेन मिटले. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मऊ नव्हता.

“चहाचं पातेलं कुठं असतं तेसुद्धा लिहिलंत तुम्ही.”

“हो.”

“चिटणीसांना कुठल्या वेळी गाठावं तेही.”

“हो.”

“कालपासून मला वाटतंय, मी एका माणसाला मारणार होते. आईला फोन लावला आणि तिचा आवाज ऐकून ठेवून दिला. इथं मला सांगायलाही कोणी नाही, काका. आणि तुम्ही मघाशी आलात, बसलात, सर्व्हिसच्या फाइलचं सांगितलंत, आणि तेव्हाही बोलला नाहीत.”

“नाही बोललो,” काका म्हणाले. “बोलणार नव्हतो. ते दुसरं कुलूप नसतं तर बहुधा घरी गेलो असतो.”

क्षमा मागण्यासाठी त्यांनी हात जोडले नाहीत. तिच्यावर क्षमेचेही ओझे घालू नये एवढे त्यांना कळले. त्यांनी खुलाशाचा कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि त्याच्या वरच्या अर्ध्यात, आपल्या वळणदार अक्षरात, घडले ते सगळे लिहिले. सही केली. खालचा अर्धा नवीने लिहिला: अपडेटनंतर केवळ पान उघडते का ते पाहिले, संदेश जातो का ते पाहिले नाही, हा दोष माझा.

चिटणीसांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

“काका, हे कशाला? तुम्ही सुटलेले गृहस्थ. तुम्हाला आम्ही काय विचारणार? अकरा वर्षं एक सकाळ चुकली नाही, हे मी सगळ्यांना सांगत आलोय. ते तरी राहू द्या.”

“ती चुकायची सकाळ मीच राखून ठेवली होती,” काका म्हणाले. “काल चुकली. कागद असाच वाचून दाखवा.”

कार्यकारिणीने तो तसाच वाचला. नवीला काढले नाही. तिची उमेदवारी मात्र दोन महिन्यांनी वाढवली. काकांच्या बाबतीत काही ठरवण्यासारखे नव्हते. यापुढे संस्थेचे कोणतेही काम कोणाच्या खाजगी खात्यावरून चालणार नाही आणि जुनी खाती आजच बंद करावीत, एवढे इतिवृत्तात लिहिले गेले.

सभा संपल्यावर दोघे आतल्या खोलीत गेले. नवीने यंत्र संपूर्ण बंद केले आणि पुन्हा चालू केले. या वेळी दोघेही हात मांडीवर ठेवून बसले. कोणी लॉगिन केले नाही. दिवे लागले, पंखा घुमू लागला, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सर्व्हर आपला आपण उभा राहिला. मावशींच्या फोनवर संदेश गेला. अकरा वर्षांत हे काकांनी प्रथमच पाहिले, आणि ते किती सोपे होते हेही.

“आता खातं,” नवी म्हणाली. “तुमचं काही ठेवायचंय का त्यात?”

“काही नाही.”

तिने एक ओळ टंकून बटण दाबले. पापणी लवायलाही त्याहून अधिक वेळ लागतो. मग ती उठली आणि काकांना दारापर्यंत सोडायला आली. ती अजून रागावलेली होती, तरी आली. “जिन्यातला दिवा गेलाय. बघून उतरा,” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काका संस्थेकडे गेले नाहीत. भेटीची वेळ दहाला सुरू होई. ते नऊपासून रुग्णालयाच्या बाकावर बसले होते. शिंपीकाकांना त्यांनी यादीतल्या क्रमांकापलीकडे कधी पाहिले नव्हते. खाटेवर एक किरकोळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. पाय जड वजनाने ताणून ठेवलेला. काकांनी स्टूल ओढले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. स्क्रिप्ट, किल्ली हे शब्द त्यांनी गाळले. आपण एक गोष्ट सांगायची ठेवली, का ठेवली, आणि म्हणून रविवारी कोणी आले नाही, असे सांगितले.

शिंपीकाका छताकडे पाहत ऐकत होते.

“फरशी फार गार होती हो,” ते म्हणाले.

काकांची मान खाली गेली.

“पडल्या पडल्या मी हिशेब करत होतो. सात वाजले असतील, मेसेज आला असेल. नऊ वाजले, आता निघाला असेल तुमचा माणूस. दहा वाजता वाटलं, येणार नाही. आणि मग वाटलं, त्यांचं काय चुकलं? मीच सवय लावली.”

“कसली सवय?”

शिंपीकाकांनी मान वळवून प्रथमच त्यांच्याकडे पाहिले. “तुम्ही सांगितलंत म्हणून सांगतो. महिन्यातून दोनदा तरी मी मुद्दाम एक पाठवत नसे. साडेनऊला तो उंच मुलगा धापा टाकत येई. मी म्हणे, अरे, विसरलोच बघ. मग आलाच आहेस तर बस, एवढं टाचून देतो तुझ्या सदऱ्याचं बटण. तेवढंच घरात कोणी आलं. परवा पडलो तेव्हा वाटलं, ओळखलं असेल त्यांनी, म्हातारा बोलावतोय उगीच. म्हणून येत नाहीत.” ते थांबले. “तसं नव्हतं तर.”

“नाही,” काका म्हणाले. “तसं मुळीच नव्हतं.”

“मग ठीक आहे.”

ते ठीक नव्हते. हाड मोडलेले होते आणि चौदा तास परत येणारे नव्हते. दोघांनाही ते कळत होते. तरी परिचारिका येऊन भेटीची वेळ संपल्याचे सांगेपर्यंत काका स्टुलावर बसून राहिले. बोलणे फारसे झाले नाही. शिंपीकाकांनी एकदा काकांच्या बाहीची शिवण बोटाने चाचपून ‘कच्ची आहे’ असा निर्वाळा दिला, आणि काकांनी तो मान्य केला.

त्या शिंप्याचे हाड सरळ जुळो आणि त्याचे पाय त्याला पुन्हा त्याच्या मशीनपर्यंत नेवोत. त्या परगावच्या मुलीच्या हाताला यश येवो, आणि तिच्या हाकेला ओ देणारे कोणी त्या गावात तिला भेटो. ज्याने ओळ लिहिली नाही आणि मग लिहिली, त्याच्या सकाळी त्याला जड न जावोत. यादीतल्या एकशे बारा जणांचे, आणि ज्यांची नावे अद्याप कोणत्याही यादीत नाहीत त्यांचेही, कल्याण असो.